भातावर उभे राहिलेले वाडे



इंग्लंडच्या ग्रामीण भागात जमीनदारांची शेकडो जुनी घरे अजून धडधाकट उभी आहेत. त्यांना तिकडे मॅनर हाउस म्हणतात. तिकीट काढून आत जाता येते; दिवाणखान्यातली तैलचित्रे, ओकच्या लाकडाचे जिने, आखीव बागा पाहता येतात. त्या घराचा इतिहास म्हणून जे सांगितले जाते ते बहुधा वंशावळ आणि बांधकाम एवढ्यापुरतेच असते: घर कोणी बांधले, कोणत्या राजाच्या काळात नवी पाखे वाढली, कोणत्या वारसाने कर्जापायी विकले. वसईच्या किल्ल्यातही एके काळी अशी घरे होती. पोर्तुगीज सरदारांचे, म्हणजे फिदाल्गोंचे, हे वाडे दोनशे वर्षे उत्तर कोकणात ऐश्वर्याची परिसीमा मानले जात. आज त्यांची छपरे गेली आहेत, भिंतींतून पिंपळ-वड उगवले आहेत, आणि त्यांच्यावर लिहिणारेही पुन्हा तोच प्रश्न विचारतात: कोणी बांधले आणि केव्हा पडले? आज मला मांडायचे आहे ते असे, की अशा घराचा खरा इतिहास त्या घरात नसतो; तो त्याला पोसणाऱ्या गावांत असतो. आणि हे समजून घ्यायला इंग्लंडपेक्षा वसई अधिक सोयीची आहे. तिकडे घर शाबूत असल्यामुळे नजर घरावरच खिळते. इथे घर पडले, पण ज्यांच्या भातावर ते उभे होते ती गावे, त्या वाड्या आणि ती कसणाऱ्या माणसांचे वंशज जागेवर आहेत.

आधी इंग्लंडकडे पाहू, कारण तुलनेचे माप तिथून घ्यायचे आहे. मॅनर म्हणजे मुळात इमारत नव्हेच. १०८६ साली विल्यम राजाने सबंध राज्याची जी मोजदाद करून घेतली, त्या डूम्सडे बुकात मॅनर हे उत्पन्नाचे एकक म्हणून येते. किती नांगर चालतात, किती कुळे आहेत, किती डुकरे चरतील एवढे रान आहे, गिरणी किती देते, आणि हे सगळे मिळून वर्षाला काय वसूल होते. त्या एककाच्या मालकाला स्वतःची खासगी शेती असे, कुळांच्या जमिनींवर खंड असे, कुळांकडून ठरलेले दिवस फुकट काम करून घेण्याचा हक्क असे, आणि गावचे तंटे सोडवणारे, दंड वसूल करणारे न्यायालयही त्याचेच असे. घर हे या सगळ्या हक्कांचे कार्यालय होते. विल्टशरमधल्या लॅकॉकचे उदाहरण घ्या. तिथे तेराव्या शतकापासून जोगिणींचा मठ होता. आठव्या हेन्रीने देशातले मठ खालसा केले, तेव्हा १५३९मध्ये हाही गेला, आणि लगेच विल्यम शॅरिंग्टन नावाच्या दरबारी माणसाने तो विकत घेऊन त्याचे घर केले. मठाचे घर झाले, पण गाव तेच राहिले, कुळे तीच राहिली; खंड आता मठाऐवजी शॅरिंग्टनकडे जाऊ लागला. छप्पर कोणाच्या नावावर आहे हे बदलले; खंडाची वाट बदलली नाही.

लॅकॉकचा मठ खालसा होण्याच्या पाच वर्षे आधी, २३ डिसेंबर १५३४ रोजी, गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. मुघल बादशहा हुमायूनच्या चढाईच्या धोक्याने तो अडचणीत होता, आणि गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या आरमाराने किनारा आधीच जेर केला होता. १५३१मध्ये आगाशी जाळली गेली होती. वसई-आगाशीचा किनारा त्या काळी जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होता. मागच्या डोंगरांतला साग खाडीतून खाली येई. पण पोर्तुगीजांच्या हाती आले ते केवळ बंदर नव्हते. दीवसारखी ठाणी व्यापारावर जगत. वसई जमिनीवर जगणार होती. खाडीपासून डोंगरापर्यंतची भातखाचरे, किनाऱ्यालगतच्या बागायती, साष्टी, मुंबई, माहीम, कारंजा, एवढा सगळा वसुलीचा प्रदेश एका करारात मिळाला. पोर्तुगालच्या आशियाई साम्राज्यात जमिनीच्या महसुलावर पोट भरणारे मुलूख थोडे होते. वसई त्यांतला ठळक.

हा महसूल कसा गोळा होत असे, हे आपल्याला कळते ते सिमाँव बोतेल्यु या राजाच्या खजिनदारी अधिकाऱ्यामुळे. १५५४च्या सुमारास त्याने पोर्तुगीज मुलखाची जी जमाबंदी लिहिली तीत वसईची गावे, ती कोणाकडे आहेत आणि त्यांच्याकडून काय येणे आहे, हे नोंदलेले आहे. त्या नोंदींतले शब्द पाहिले की मोठी गोष्ट उलगडते. परगणा, कसबा, ठाणेदार, भाताचा मुडा हे सगळे शब्द पोर्तुगीज लिपीत थोडे वाकडे होऊन तिथे बसले आहेत. नव्या धन्याने वसुलीची नवी यंत्रणा उभारली नाही. सुलतानाच्या काळातली यंत्रणाच उचलली आणि तिच्या माथ्यावर आपली माणसे बसवली. गावात पेरणी करणारा, भात मळणारा, मुडे बांधणारा आणि ते धक्क्यापर्यंत वाहून नेणारा माणूस तोच होता. म्हणून वसईच्या वाड्यांचा इतिहास १५३६मध्ये तटबंदीच्या पायाभरणीने सुरू होत नाही. तो त्याआधीच गावागावांत, भाताच्या राशीवर सरकारचा वाटा काढला जाई तिथे सुरू झालेला होता.

गावे वाटण्याची पोर्तुगीज पद्धत मात्र स्वतःची होती, आणि तिचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. जमीन राजाची; ती तीन पिढ्यांच्या, त्यांच्या भाषेत तीन जिवांच्या, पट्ट्याने सरदाराला दिली जाई. त्याने ठरलेला वार्षिक फोरो, म्हणजे सारा, तिजोरीत भरायचा, आणि प्रसंग आला तर घोडा व हत्यारबंद माणसे घेऊन चाकरीला उभे राहायचे. तिसरा जीव संपला की पट्टा नवा करून घ्यायचा. कागदावर हा करार मुदतीचा होता. व्यवहारात नजराणे आणि ओळखीपाळखीच्या बळावर गावे त्याच घराण्यांत फिरत राहिली. हक्क मुलींकडेही जात असे. पोर्तुगालहून राजाच्या खर्चाने पाठवलेल्या अनाथ मुलींना हुंड्यात गाव द्यायचे, आणि जो पोर्तुगीज लग्न करील तो त्या गावाच्या उत्पन्नावर बसायचा, अशी ही व्यवस्था होती. हीच तीन जिवांची पद्धत पोर्तुगीजांनी पुढे आफ्रिकेत झांबेझी नदीच्या खोऱ्यात राबवली, आणि तिथल्या बलाढ्य जमीनदार स्त्रियांची कीर्ती सर्वदूर झाली. इंग्लंडच्या पश्चिम भागातही तीन जिवांचे पट्टे चालत. पण तिकडे तो पट्टा जमीनदाराकडून कुळाला मिळे. कुळाच्या कुटुंबाला निदान तीन जिवांपुरती शाश्वती असे. वसईत तीन पिढ्यांची शाश्वती जमीनदाराला होती. कसणाऱ्याला एका हंगामाचीही लेखी हमी नव्हती.

आता घरांकडे येऊ. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर १६७५च्या सुमारास वसईत आला. त्याने वर्णिलेले वाडे भव्य होते, त्यांना आच्छादलेले सज्जे होते, आणि दोन मजले उंच खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने लावलेली होती. इटालियन प्रवासी जेमेली करेरी १६९५मध्ये आला. त्याला किल्ल्याबाहेरचा कसबा अधिक भावला. सुमारे पंधरा मैल लांबीची बागायत. माड, आंबे, केळी, ऊस. पाणी उपसणाऱ्या यंत्रांनी बारमाही हिरवी ठेवलेली. वसईकरांना ही यंत्रे कोणती ते सांगायला नको: बावखलावरचे, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावरचे, रहाट. उन्हाळ्यात उकाडा वाढला किंवा शहरात साथ आली की सगळे सरदार याच कसब्यातल्या आपापल्या बागेतल्या घरी राहायला येत, असे करेरी नोंदवतो. या वर्णनांतून एक चित्र स्पष्ट होते. तटाच्या आत मानाचा वाडा, तटाबाहेर सुखाचा बंगला, आणि त्या दोन्हींपासून लांब, खाडीपलीकडच्या गावांत, या दोन्हींचा खर्च भरून काढणारे भात. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचा जनरल वसईत राही, म्हणून लोक तिला उत्तरेचा दरबार म्हणत. पण दरबारी थाटाची किंमत दरबाराबाहेरच्या खाचरांत मोजली जात होती. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत सरदारांच्या थडग्यांच्या शिळा अजून आहेत. अशा शिळांवर कबर अमुकाची आणि त्याच्या वारसांची, असे कोरण्याचा रिवाज होता. जमीन तीन जिवांपुरती मिळालेली माणसे मरणोत्तर जागा मात्र सगळ्या वारसांसाठी राखून ठेवत होती.

इथे एक रास्त शंका येईल. किल्ल्यातला वाडा आणि इंग्लंडमधले मॅनर हाउस यांची तुलना करणे ताणून धरल्यासारखे नाही का? तिकडे धनी आपल्या गावात राहत असे. इकडे तो तटाआड होता. शंका खरी आहे, पण उत्तर वसईच्याच मुलखात मिळते, आणि ते घर आज मुंबईत शोधावे लागते. वैद्यकशास्त्राचा पंडित गार्सिया द ओर्ता याला १५५४च्या सुमारास मुंबई बेट पट्ट्याने मिळाले. मुंबई तेव्हा वसईच्या अंमलाखालचे एक बेट होते. १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात ओर्ता या बेटाचा आणि तिथल्या आपल्या आंब्याच्या झाडाचा उल्लेख करतो. ते झाड वर्षातून दोनदा फळत असे. बेट सांभाळायला त्याने सिमाँव तोस्कानो नावाचा माणूस ठेवला होता. म्हणजे धनी गोव्याला, मुनीम मुंबईला. १५६८मध्ये ओर्ता वारला. तो ज्यू वंशाचा होता; छुपा ज्यू ठरवून १५८०मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली. घर मात्र पुढच्या पट्टेदारांकडे गेले. ऑक्टोबर १६२६मध्ये इंग्रज आणि डच जहाजांनी मुंबईवर धाड घातली आणि ते मोठे घर जाळून टाकले. इंग्रज त्या घरात प्रथम शिरले ते असे. दुसऱ्यांदा शिरले ते करारनामा घेऊन.

१६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, पण ताबा मिळायला चार वर्षे गेली. वसईच्या आणि गोव्याच्या मंडळींना बेट सोडवत नव्हते. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक याला ताबा देण्यात आला तो त्याच घरात. घर तेव्हा दों रोद्रिगो द मोन्सांतोची विधवा दोना इनेस द मिरांदा हिचे होते. तीच त्या बेटाची मालकीण. कुकने घरात आणि बुरुजांवर फेरी मारली, हातात माती आणि दगड घेतले, आणि बेट त्याचे झाले. पुढे त्या घराभोवती तट बांधले गेले आणि मुंबईचा किल्ला उभा राहिला. आजच्या एशियाटिक सोसायटीच्या मागे, नौदलाच्या आवारात, त्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तेव्हा वसईच्या मुलखातले एक अस्सल मॅनर हाउस म्हणजे इंग्रजी सत्तेचा पश्चिम किनाऱ्यावरचा पाया होय. आणि इंग्रजांनी ते घेताना बाईच्या उत्पन्नाला धक्का लावू नये असे कलम करारात आधीच घालून घेतले गेले होते. १६७२मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने जुन्या पोर्तुगीज जमीनमालकांशी तडजोड केली: त्यांनी वर्षाला वीस हजार शेराफिन नाणी द्यावीत, इंग्रजांनी जमिनींच्या हक्काबाबत त्यांना त्रास देऊ नये. राज्य बदलले, वसुली वाटाघाटीने टिकली.

पण त्या कागदपत्रांतले सर्वांत बोलके कलम दोना इनेसचे नाही. कुकने जानेवारी १६६५मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयशी जो करार केला त्यात एक अट होती: पोर्तुगीज हद्दीतल्या गावांचे कुणबी, भंडारी आणि इतर रहिवासी यांना मुंबईत आसरा देऊ नये, आणि कोणी आलाच तर त्याला ताबडतोब त्याच्या धन्याच्या हवाली करावे. लंडनला कुकचा तो करार रुचला नाही, तो भाग वेगळा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की वसईच्या सत्ताधाऱ्यांना बेट जाण्याइतकीच माणसे जाण्याची भीती होती. तीस वर्षांनी करेरी साष्टीबद्दल जे लिहितो ते या कलमाशी तंतोतंत जुळते. तो म्हणतो की इथल्या कुळांची स्थिती साध्या प्रजेहून वाईट आहे. खंड भरता यावा एवढी जमीन त्यांना कसावीच लागते, आणि ती दुसऱ्या गावी पळाली तर धनी त्यांना बळजबरीने परत आणतो. एक मुत्सद्दी कागद आणि एका तटस्थ प्रवाशाची नोंद, दोन वेगळ्या दशकांतली, दोन वेगळ्या हेतूंनी लिहिलेली, एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. सरदाराची मिळकत जमीन नव्हती. जमिनीला बांधलेला माणूस होती. माणूस उठून गेला की पट्टा, फोरो, घोडा, सज्जा, शिंपल्याची तावदाने हे सगळे डळमळत होते.

यावर इतिहासाचे जाणकार म्हणतील, की हा पुरावा सगळा परक्यांचा आहे. कुळाने स्वतः लिहिलेला एक कागद दाखवा. असा कागद दाखवता येणार नाही. पण मनाई जिथे असते तिथे वहिवाटही असते. कोणी पळतच नसेल तर पळून आलेल्यांना परत करण्याचे कलम कोणी घालत नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबईत वस्ती वाढवण्यासाठी धर्माचे स्वातंत्र्य आणि संरक्षण देऊ केले तेव्हा आसपासच्या मुलखातून माणसे तिकडे गेली, आणि मुंबई भरली. आपल्या निघून जाण्यातूनच या माणसांनी आपले मत नोंदवले आहे. इंग्लंडमधली मॅनरची कागदपत्रे बहुतांशी धन्याच्या कारकुनाने लिहिलेली आहेत, तरी तिथल्या इतिहासकारांनी दंडाच्या नोंदींतून, फरारी कुळांच्या याद्यांतून खेड्याचे आयुष्य उभे केले. तेच इथे करता येते.

दुसरा आक्षेप अधिक तीव्र आहे. सुलतानाच्या काळी वसुली होती, मराठ्यांच्या काळीही होती. मग पोर्तुगीज वाड्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करायचे? उभे करायचे नाहीच. माझा मुद्दा कोणा एका राजवटीविरुद्ध नाही, आणि म्हणूनच १७३९कडे नीट पाहावे लागते. साष्टी आणि ठाणे १७३७मध्ये पडले, आणि चिमाजी अप्पांच्या फौजेने मोठ्या जीवितहानीनंतर मे १७३९मध्ये वसई घेतली. ही मोहीम व्हावी म्हणून पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्यांत अंजूरचे गंगाजी नाईक होते. त्यांच्या घराण्याची हकिकत साष्टीच्या बखरीत आहे. धर्माचा जाच हे त्यांचे गाऱ्हाणे होते, आणि हिरावलेली वतने हेही होते. ही दोन गाऱ्हाणी वेगळी काढता येत नाहीत, आणि त्यात कमीपणा काही नाही. मराठ्यांनी शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ दिले. सरदार मुंबईला आणि गोव्याला गेले, त्यांच्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला पोहोचल्या. वसईला सरसुभा आला, वज्रेश्वरीसारखी देवळे उभी राहिली. माणसाला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली, हा बदल थोडा नव्हे. पण शेतात भात तसेच पिकत राहिले आणि त्यातला वाटा तसाच उचलला जात राहिला. फक्त तो आता किल्ल्यातल्या सरदाराकडे न जाता पेशव्यांच्या कमाविसदाराकडे जाऊ लागला.

आणि इथेच माझ्या विधानाची खरी कसोटी लागते. घर दगडावर उभे असते तर १७३९नंतर वसईचे वाडे टिकायला हवे होते. ते बेसॉल्टचे होते, चुन्याचे होते. याच वसईचा घडीव दगड गोव्याच्या चर्चनाही गेला होता. किल्ला तोफांनी फुटला, पण शहर जमीनदोस्त झाले नव्हते. वाडे पडले ते हळूहळू, कारण त्यांना पोसणारे गाव त्यांच्या हातून सुटले होते. नव्या धन्याला उत्पन्न हवे होते, ते घर नको होते. इंग्लंडमध्येही हेच घडले, फक्त दीडशे वर्षे उशिरा आणि तोफेवाचून. १८७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले स्वस्त धान्य आले, शेतीचे भाव कोसळले, खंड घटले. १८९४मध्ये मृत्यूनंतरच्या मिळकतीवर कर आला. विसाव्या शतकात एकामागून एक घरे पाडली गेली; १९७४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने या विध्वंसावर जे प्रदर्शन भरवले त्यात हजारांहून अधिक घरांची नोंद होती. जी वाचली त्यांतली बरीच नॅशनल ट्रस्टच्या १९३७च्या योजनेमुळे, म्हणजे खंडाच्या जागी तिकीट आणि देणग्या आल्यामुळे वाचली. लॅकॉकचे घर १९४४मध्ये ट्रस्टला दिले गेले ते सबंध गावासह. दोन देश, दोन हवामाने, दोन धर्मव्यवस्था, नियम एकच. वसुली तुटली की घर पडते.

वसईत घर पडले, तरी घरामागची रीत पडली नाही. शेजारच्या साष्टीत इंग्रजांनी १८२९ आणि १८३०मध्ये गावांचे गट धनिकांना दिले: पवई फ्रामजी कावसजींना, मालाड-कांदिवलीकडची गावे बैरामजी जीजीभॉयना. त्यांना खोत म्हटले गेले. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू-तलासरीकडे, सावकार-जमीनदारांच्या वाड्यावर वारल्यांना वेठीने राबावे लागे. त्याविरुद्ध १९४५मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला तो सर्वश्रुत आहे. पोर्तुगीज कागदातला बांधलेला कुणबी आणि विसाव्या शतकातला लग्नगडी, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे बांधला गेलेला गडी, यांच्यामध्ये तीनशे वर्षे आहेत, बदललेल्या राजवटी आहेत, पण नाते एकच आहे. ते कायद्याने तुटले ते १९४८च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाने. त्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला. वाड्याचा इतिहास लिहायचा तर त्याचा शेवट मे १७३९ नव्हे, एप्रिल १९५७ आहे.

तिसरा आक्षेप नाजूक आहे आणि तो टाळणे बरे नाही. वाड्यांवर असे बोलणे म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या वारशावर बोट ठेवणे नव्हे काय? उलट आहे. फिदाल्गोंची घराणी १७३९मध्ये निघून गेली. जे राहिले ते इथलेच: सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा बहुविध घरांतले, वाड्या करणारे, रहाट हाकणारे, मासे मारणारे. त्यांचे पूर्वज वाड्यातले नव्हते, वाडा पोसणाऱ्या गावातले होते. त्यांचा आणि शेजारच्या हिंदू बागायतदाराचा पूर्वज बहुधा एकाच बावखलावरून पाणी घेत होता. किल्ल्यातले सरदार आणि किल्ल्याबाहेरचे ख्रिस्ती यांना एकाच माळेत ओवण्याची चूक दोन्ही बाजूंचे उत्साही लोक करतात. एक गट अभिमानाने, दुसरा रोषाने. वसुलीच्या नोंदी दोघांनाही शांतपणे चुकीचे ठरवतात. इंग्लंडमध्ये २०२०मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध प्रसिद्ध केले तेव्हा मोठा गदारोळ झाला. सुंदर घरांना दोष दिल्याची ओरड झाली. पण एखाद्या घराचा पैसा कुठून आला हे सांगणे म्हणजे त्या घराला दोष देणे नव्हे. ते त्याचे चरित्र पुरे करणे आहे.

राहिला सौंदर्याचा प्रश्न. सगळे काही भाताच्या मुड्यांत मोजले तर कमान, नक्षी, प्रमाण यांना किंमत नाही काय, असे विचारले जाईल. किंमत आहे, आणि ती वाढतेच. वसईचा दगड घडवणारे पाथरवट, साग चिरणारे सुतार, शिंपले पातळ घासणारे कारागीर हे याच मुलखाचे. वाड्याला धन्याच्या नावाने ओळखले की हे सगळे हात गळतात. गावाच्या नावाने ओळखले की ते परत येतात. सौंदर्य आणि वसुली एकमेकांच्या विरोधात नाहीत. एकाच हिशोबाच्या त्या दोन बाजू आहेत, आणि आजवर आपण एकच बाजू वाचत आलो.

यातून आज काय निष्पन्न होते? वसई-विरार ही २००९पासून महानगरपालिका आहे, आणि १ ऑगस्ट २०१४पासून पालघर जिल्ह्याचा भाग आहे. किल्ल्याला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. ते असलेच पाहिजे. पण किल्ला ज्यांच्यावर उभा होता त्या वाड्या आणि बावखले स्मारकांच्या यादीत नाहीत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी जे आंदोलन उभारले त्याकडे पर्यावरणाचा लढा म्हणून पाहिले जाते. ते तेवढेच नव्हते. करेरीने वर्णिलेल्या त्याच कसब्याच्या बागायतीचा, म्हणजे स्मारकाच्या अर्ध्या भागाचा, तो बचाव होता. बुजवलेले प्रत्येक बावखल हा किल्ल्याचा एक पडलेला बुरूजच समजायला हवा.

आणि शेवटी कागद. इंग्लंडने १९२२च्या कायद्याने मॅनरमधली जुनी कूळवहिवाट संपवायचे ठरवले. तो कायदा १९२६च्या आरंभी लागू झाला. व्यवस्था मोडत असतानाच मॅनरचे सगळे दस्तऐवज कायद्याच्या संरक्षणाखाली आणले गेले, कारण उद्या कुळांच्या वंशजांना आपला हक्क त्यांतूनच सिद्ध करावा लागणार होता. आज तिकडचे कोणतेही खेडे आपला इतिहास लिहू शकते ते त्या एका शहाणपणामुळे. आपल्याकडे वसईचे पोर्तुगीज दप्तर गोव्याच्या पुराभिलेखागारात आहे, मराठ्यांचे पुण्याच्या पेशवे दफ्तरात, आणि १९५७च्या कुळांच्या नोंदी, फेरफार, जुने सातबारा तहसील कार्यालयांत. हे तीन साठे गावनिहाय एकत्र लावले तर आगाशी, निर्मळ, पापडी, सांडोर, माणिकपूर अशा प्रत्येक गावाचा चारशे वर्षांचा सलग महसुली इतिहास तयार होईल. महापालिका, महाविद्यालये आणि इथल्या सांस्कृतिक संस्था यांनी मिळून उचलावे असे हे काम आहे, आणि ते लवकर उचलले पाहिजे. इमारतींसाठी जमिनीचे व्यवहार होत असताना जुने कागद सर्वांत आधी गहाळ होतात. किल्ल्यातल्या एखाद्या भिंतीजवळ पाटी लावायची असेल तर तिच्यावर सरदाराच्या नावाखाली त्याला खंड देणाऱ्या गावांची नावेही असावीत. तेव्हाच इथे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळेल की ही भिंत कोणी बांधली या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, आणि त्यांतले मोठे उत्तर त्याच्या स्वतःच्या गावाचे असू शकते.